बातमी कुठून सुरू करायची?

जिल्हा दैनिकातल्या एका तरुण वार्ताहराला अभिमान होता, की त्याच्या कॉपीत विशेषण सापडत नाही. गावविहिरीवरच्या मारहाणीची बातमीही त्याने तशीच दिली : 'पाण्यावरून दोन गटांत हाणामारी, पाच जखमी.' पोलिसांनी सांगितलं तेवढंच.

वृत्तसंपादक बाईंनी कागद बाजूला ठेवला. "महाडच्या सत्याग्रहाची बातमी लिही. २० मार्च १९२७. अशीच, तटस्थ."

त्याने लिहिलं : 'चवदार तळ्यावरून दोन गटांत हाणामारी.'

"मार खाणाऱ्यांना बाबासाहेब आंबेडकरांनी हात उचलू दिला नाही. मग दुसरा गट कुठला?"

त्याने बदललं : 'अस्पृश्यांनी तळ्याचं पाणी प्यायल्यानंतर हल्ला.'

"म्हणजे भांडण पाणी पिण्यापासून सुरू झालं? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा, मुंबई कायदेमंडळातला बोले यांचा ठराव १९२३चा. महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं १९२४ला. तिथून सुरू केलंस तर?"

"आपण त्यांची बाजू घेतली असं होईल."

"आणि हाणामारीपासून सुरू केलंस, तर कुणाची घेतलीस?"

तो गप्प झाला. प्रश्न रास्तच होता. बातमी कुठून तरी सुरू करावीच लागते, आणि ती जागा निवडतो तो माणूसच. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ला 'बहिष्कृत भारत' हे वृत्तपत्र सुरू केलं, तेव्हा आपण कुणासाठी लिहितो हे लपवलं नव्हतं.

"मग १९२४पासून लिहितो," तो म्हणाला.

"लिही. पण वीरेश्वराच्या देवळात हे लोक शिरणार, अशी अफवा उठली होती. ती कुणी उठवली, मारणाऱ्यांनी ती खरी का मानली, हे त्यांना कोण विचारणार? बाजू न्यायाची आहे म्हणून चौकशी अर्धी सोडायची नसते."

मग स्वतःच्या बातमीसाठी तो सकाळच्या एसटीने त्या विहिरीच्या गावात गेला. पाचही जखमी एकाच वस्तीतले निघाले. विहीर ग्रामपंचायतीची होती, तरी तिला कुलूप होतं. मारणाऱ्यांच्या ओट्यावरही तो बसला, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं. बातमी कुलपापासून सुरू झाली.

ती छापून येताच सरपंचांचा फोन आला. "तुम्ही बाजू घेतलीत."

"चुकीचं वाक्य दाखवा, साहेब. दुरुस्ती छापतो."

सरपंचांनी दाखवलं. कुलूप तीन नव्हे, दोन महिन्यांपूर्वी लागलं होतं. त्याने ते पुन्हा वस्तीत विचारून घेतलं. सरपंचांचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी, बातमी आली होती त्याच पानावर, दुरुस्ती छापली गेली.