एका वॅटचा हिशेब

हवामानबदलाचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, 'अहो, हे सगळं सूर्याचं चक्र आहे. तो तापला की पृथ्वी तापणार, तो निवला की निवणार.' हे बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. पृथ्वीला मिळणारी जवळजवळ सगळी ऊर्जा सूर्याचीच, आणि सूर्य बदलतो हेही खरं. पण बदलतो किती?

सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या लयीत वाढतात आणि ओसरतात. ही लय हाइनरिश श्वाबे या जर्मन हौशी निरीक्षकाने १८४३ मध्ये दाखवून दिली. डाग काळे, तरी ते जास्त असतात तेव्हा सूर्य किंचित अधिक तेजस्वी असतो. कारण डागांच्या आसपासचे झळाळते भाग डागांची तूट भरून काढतात आणि वर थोडी भरही घालतात.

हे तेज १९७८ पासून उपग्रह सलग मोजत आले आहेत. वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर सरासरी १३६१ वॅट पडतात. चक्राच्या तळापासून शिखरापर्यंत त्यात भर पडते ती सुमारे एका वॅटची. या एका वॅटचं पुढे काय होतं?

पृथ्वी गोल आहे. निम्म्या भागावर रात्र असते, ध्रुवांकडे किरण तिरपे पडतात. त्यामुळे सगळ्या पृष्ठभागावर वाटणी केली की चौरस मीटरमागे पाव वॅटच येतो. त्यातला तीसेक टक्के भाग ढग, बर्फ आणि वाळवंटं अवकाशात परत धाडतात. उरतात जेमतेम ०.१७ वॅट. त्यातच समुद्र तापायला वेळ घेतो. तो तापू लागेपर्यंत चक्र उतरणीला लागलेलं असतं. म्हणून जागतिक सरासरी तापमानात अकरा वर्षांच्या चक्राची खूण उमटते ती सुमारे ०.१ अंश सेल्सिअसची.

पण याहून लांब पल्ल्याचे चढउतारही आहेतच. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळपास दिसलेच नाहीत. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तोही याच काळात. या काळाला 'माउंडर किमान' म्हणतात. तेव्हा पाहणारेच कमी होते की डागच नव्हते, या शंकेची तड खगोलशास्त्रज्ञ जॉन एडी यांनी १९७६ मध्ये लावली. त्यांचा एक साक्षीदार होता झाडांच्या खोडातली वलयं. सूर्य सुस्तावला की त्याचं चुंबकीय कवच दुबळं होतं, बाहेरचे वैश्विक किरण पृथ्वीपर्यंत जास्त पोहोचतात आणि हवेत कार्बन-१४ अधिक तयार होतो. त्या वर्षांच्या वलयांत तो खरोखरच अधिक सापडला.

याच काळात युरोपात कडाक्याचे हिवाळे पडले. १६८३-८४ मध्ये लंडनची थेम्स गोठली आणि तिच्यावर बाजार भरला. मात्र थंडीचं ते पर्व माउंडर किमानाच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं, आणि त्यात मोठ्या ज्वालामुखींचाही हात होता. थेम्स गोठण्याला तर जुना लंडन ब्रिजही कारण होता. त्याच्या अरुंद कमानींमुळे पाणी तुंबून संथ व्हायचं. १८३१ मध्ये नवा पूल खुला झाला, जुना पाडला गेला, आणि नदी मोकळी वाहू लागली.

मग माउंडर किमानासारखा काळ आज पुन्हा आला तर? फॉयल्नर आणि राह्मस्टोर्फ या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये हे गणित मांडलं. २१०० पर्यंत तापमान त्यामुळे फार तर ०.३ अंशाने कमी राहील, असं त्यांचं उत्तर. दुसऱ्या बाजूला, औद्योगिक काळाच्या आधीपासून २०१९ पर्यंत वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडने चौरस मीटरमागे दोन वॅटहून थोडी जास्त भर घातली आहे. म्हणजे आपल्या ०.१७ वॅटच्या बारापट. शिवाय ही भर अकरा वर्षांनी ओसरत नाही.

आकडे बाजूला ठेवले तरी आणखी दोन पुरावे उरतात. सूर्याचं सर्वांत जोमदार चक्र १९५७-५८ च्या सुमारास शिखरावर होतं. त्यानंतर त्याचा जोर एकंदरीत उतरतच आला, पृथ्वीचं तापमान मात्र चढत गेलं. आणि सूर्यच जास्त तापवत असता, तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापते आहे आणि वरचा स्थितांबर थंड होतो आहे. हरितगृह वायू वाढले की नेमकं हेच होतं. सूर्याचा वाटा आहे आणि तो मोजलेलाही आहे. पण गेल्या पन्नास वर्षांची तापमानवाढ त्याच्या खात्यावर मांडता येत नाही.