अकृताभ्यागम

आपल्या दर्शनग्रंथांत ‘कृतनाश’ आणि ‘अकृताभ्यागम’ अशा दोन दोषांची चर्चा वारंवार येते. केलेल्या कर्माचे फळ भोगल्यावाचून ते कर्म नाहीसे होणे हा पहिला दोष, आणि जे कर्म आपल्या हातून कधी घडलेच नाही त्याचे फळ आपल्या पदरात येऊन पडणे हा दुसरा. ज्या सृष्टीत हे दोन्ही संभवतात ती न्यायाची सृष्टी म्हणता येणार नाही, आणि या जन्मीच्या कर्माने ज्यांचा उलगडा होत नाही अशी सुखदुःखे तर पदोपदी दिसतात, तेव्हा पूर्वजन्म मानल्याखेरीज गत्यंतर नाही, असा शास्त्रकारांचा युक्तिवाद आहे. युक्तिवाद म्हणून तो भक्कम आहे, आणि ज्याच्या घरात अद्याप दुःख शिरलेले नाही अशा गृहस्थाला तो समाधानही पुष्कळ देतो. परंतु हेच सूत्र उलट्या बाजूने धरून, समोर दिसणाऱ्या व्याधीवरून न दिसणाऱ्या पापाचे अनुमान करण्याची जी खोड समाजाला लागली, तिचा सर्वांत कठोर अंमल कुणावर बसला असेल तर तो महारोग्यावर. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी व्याधींची आणि पातकांची जी जोडपत्रके तयार केली, त्यांत कुष्ठाची सांगड ब्रह्महत्येसारख्या महापातकाशी घातलेली आढळते. म्हणजे कातडीवर चट्टा उठला की आरोप, पुरावा आणि निकाल हे तिन्ही एकाच वेळी रुजू होत, आणि आरोपीची कैफियत ऐकून घेण्याची तसदी कुणी घेत नसे.

या न्यायदानात पक्षपातही काही थोडा नव्हता. आमच्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यात, १८८१ साली जन्मलेले गुलाबराव महाराज वयाच्या नवव्या महिन्यात दृष्टी गमावून बसले, आणि १९१५ साली देह ठेवीपर्यंतच्या अल्पायुष्यात त्यांनी इतकी ग्रंथरचना केली की लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. त्यांचे अंधत्व हे कोणत्या जन्मीच्या कोणत्या पापाचे फळ, हा प्रश्न त्यांच्या भक्तांना पडल्याचे ऐकिवात नाही. पुराणांतही पाहावे तर प्रत्यक्ष श्रीकृष्णाचा पुत्र सांब कुष्ठी झाला आणि सूर्याच्या उपासनेने बरा झाला. (रुक्मिणीचे माहेर जे कौंडिण्यपूर ते आमच्या वर्धा नदीच्या काठी असल्याने तिच्या सवतीच्या या मुलाविषयी वऱ्हाडाने थोडी अधिक आस्था बाळगावयास हरकत नव्हती.) त्याच्या व्याधीचे कारण मात्र पूर्वजन्मात शोधलेले नाही, ते पित्याच्या शापात सांगितले आहे. तात्पर्य, थोरांच्या बाबतीत आपण दुसरी कारणे शोधतो आणि चट्टा गरिबाच्या अंगावर दिसला म्हणजेच आपल्याला कर्मविपाकाची आठवण होते.

डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन, ज्यांना अमरावतीकर दाजीसाहेब म्हणत, यांनी १९४६ साली शहराबाहेर महारोग्यांसाठी तपोवन उभे केले तेव्हा ही सारी मानसिक व्यवस्था शाबूत होती. परतवाड्याजवळच्या कोठारा येथील मिशनचे कुष्ठरुग्णालय त्याच्याही कितीतरी आधीचे, आणि वर्ध्याला दत्तपूरचे कुष्ठधाम मनोहर दिवाण यांनी १९३६ साली सुरू केलेले. पण अमरावतीच्या सुशिक्षित वस्तीने महारोग्यांच्या प्रश्नाकडे तोंड वळविले ते दाजीसाहेबांमुळे. स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरलेल्या या होमिओपॅथ डॉक्टराने रोग्याच्या हाताला काम दिले, आणि स्वतःच्या श्रमाचे अन्न खाणाऱ्या माणसाला पापी म्हणणे फार काळ जमत नाही, हे आपल्या कृतीने दाखविले. सरकारदरबारी त्याची दखल १९५९ च्या पद्मश्रीने घेतली गेली. गाडगेबाबांच्या नावाने जो दहा कलमांचा संदेश गावोगावच्या भिंतींवर लिहिलेला दिसतो, त्यातही अंध, पंगू आणि रोगी यांच्यासाठी औषधोपचार सांगितला आहे, प्रायश्चित्त सांगितलेले नाही.

तथापि करुणेपाशी त्या काळी द्यावयास औषध कोणते होते? सुश्रुताला ठाऊक असलेले तुवरकाचे तेल, ज्याचा एक भाऊबंद आपल्याकडे कडूकवठ म्हणून परिचित आहे, तेच इंग्रजी दवाखान्यांतही सुईने टोचले जात असे. वेदना पुष्कळ आणि गुण बेताचा. ज्या रसायनाने चित्र पालटले ते डॅप्सोन १९०८ सालीच जर्मनीत तयार झाले होते, पण तीस वर्षे त्याचा औषधी गुण कुणाच्या ध्यानी आला नाही. तो आला तेव्हा माणसांना इतक्या मोठ्या मात्रेत देऊन पाहण्यात आले की औषधापेक्षा विषच अधिक, असा शेरा मारून ते बाजूला ठेवले गेले. १९४१ साली अमेरिकेत कारव्हिल येथे फॅजे यांनी त्याचे एक सौम्य केलेले रूप महारोग्यांना शिरेतून देऊन आश्चर्यकारक गुण पाहिला. मद्रासजवळ चिंगलपेट येथे डॉक्टर कॉक्रेन यांनी गाईंच्या सडांच्या रोगासाठी वापरले जाणारे मूळ द्रव्यच शेंगदाण्याच्या तेलात कालवून अल्प प्रमाणात टोचले, आणि नायजेरियात डॉक्टर लोव यांनी ते पोटात गोळीच्या रूपाने देता येते असे सिद्ध केले. द्रव्य तेच राहिले, फक्त मात्रा बदलली. तीक्ष्ण विषही युक्तीने योजल्यास उत्तम औषध ठरते आणि उत्तम औषध अयुक्तीने दिल्यास विष, असे चरकाने सांगून ठेवले आहेच; पण सुभाषित म्हणून मान डोलावणे वेगळे, आणि त्याचा हिशेब मिलिग्रॅममध्ये मांडणे वेगळे. आज प्रौढ रुग्णाला दररोज शंभर मिलिग्रॅम आणि दहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मे हे जे प्रमाण ठरले आहे, त्यामागे कित्येक शरीरांनी भोगलेली पीडा आहे.

गोळी स्वस्त होती, तोंडाने घेता येत होती आणि गुण देत होती. म्हणून ती वर्षानुवर्षे, काहींना तर जन्मभर, एकटीच देण्यात आली. काही रोगी मध्येच सोडून देत, काही ठिकाणी पुरवठा खंडित होई, कुठे मात्रा कमी पडे. १९६४ साली मलेशियातल्या रुग्णांत असे सिद्ध झाले की जंतू या औषधाला दाद देईनासे झाले आहेत. पुढे सत्तरीच्या दशकात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट उघडकीस आली: ज्यांनी आयुष्यात डॅप्सोनची एकही गोळी घेतलेली नाही अशा नव्या रोग्यांतही तसेच निर्ढावलेले जंतू सापडू लागले. कुणीतरी अर्धवट उपचार घेतला, कुणीतरी अर्धवट दिला, आणि त्याचे फळ तिसऱ्याच माणसाच्या रक्तात उतरले.

शास्त्रकार ज्याला असंभाव्य म्हणत होते तो अकृताभ्यागम हाच. तो घडविण्यासाठी ईश्वराला अन्यायी व्हावे लागले नाही. औषधाच्या वाटपातली शिथिलता त्याला पुरेशी ठरली. पूर्वजन्माचा आधार घेऊन जो दोष टाळावयाचा होता तो याच जन्मात, साल आणि गावाच्या तपशिलासह, दाखविता येतो, हे एकदा मान्य केले की कर्मसिद्धांत मोडीत निघतो असे मात्र मला वाटत नाही. कर्माला फळ आहे, आणि ते अटळ आहे, हे या जंतूंनी कोणत्याही कीर्तनकारापेक्षा ठसठशीतपणे सिद्ध केले; मोडीत निघते ती एवढीच समजूत की ते फळ ज्याचे त्यालाच पोहोचते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन अशी संयुक्त योजना सुचविली, आणि आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा ती देशात प्रथम राबविणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक होता. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याने गाठावा हा तिचा हेतू. आज तिची मुदत रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्ष.

पण एवढ्यावर प्रश्न संपत नाही. एकच मात्रा, एकच मुदत आणि एकच वेष्टन सर्वांना दिले तरी शरीरे एकसारखी नसतात. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे एक द्रव्य जन्मतःच कमी असते. डॅप्सोनने अशांच्या पेशी झपाट्याने फुटतात आणि पंडुरोग जडतो. हे न्यून आईकडून मुलाकडे येते आणि हिवतापाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत ते अधिक आढळते, कारण त्याच न्यूनाने त्यांच्या पूर्वजांना हिवतापापासून काहीसे वाचविलेले असते. मेळघाटच्या रानाशी ज्या जिल्ह्याची सीमा नव्हे तर संसार जोडलेला आहे, तेथे हा विचार केवळ पुस्तकी राहत नाही. जन्मजात दोष म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे ते पणजोबाचे कवच निघावे, आणि ते कवच एका औषधापुरते पणतवाला घातक ठरावे, याचा जमाखर्च पाप-पुण्याच्या वहीत कोणत्या रकान्यात लिहावयाचा?

आरोग्य केंद्राच्या ओट्यावर उपचार सुरू होताना जे चालते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. दंडावर फिकट चट्टा असलेल्या तरुणाला कर्मचारी म्हणतो, “डोये मीट भाऊ, अन् जथी लागते तथी बोट ठेव,” आणि बॉलपेनचे टोक आधी निरोगी कातडीला, मग चट्ट्याच्या मध्यावर हलकेच टेकवितो. निरोगी जागी बोट अचूक जाते. चट्ट्यावर टोक टेकले तरी तरुण स्वस्थ बसून राहतो, आपल्याला विचारले गेले आहे हेच त्याला कळत नाही. मग खालची पापणी ओढून रक्त किती आहे ते पाहणे, नखे पाहणे, आणि “याच्या आंधी कोन्या गोयीनं आंगाले खाज सुटली होती काय?” हा प्रश्न. पंडुरोग तीव्र असेल तर आधी त्याचा उपचार; सल्फाच्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठले असेल तर ते डॉक्टरांच्या कानावर घालणे. अठ्ठावीस दिवसांच्या पाकिटातली पहिली मात्रा समोर गिळावयाची. त्या दिवशी लघवी तांबूस होईल, ती रिफॅम्पिसिनची, तिला भिऊ नये. पुढे कातडी काळवंडेल, ती क्लोफॅझिमिनची, उपचार संपल्यावर हळूहळू उजळते. परंतु लघवी गडद काळसर झाली, डोळे पिवळे झाले, ओठ आणि नखे निळसर दिसू लागली, धाप लागली, किंवा पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताप येऊन अंगभर पुरळ उठले, तर डॅप्सोन थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावयाचा, आणि ती ॲलर्जी ठरली तर पुन्हा ते औषध कधीही घ्यावयाचे नाही. याउलट उपचार चालू असताना जुने चट्टे लाल होऊन सुजले, नसा दुखू लागल्या, हातापायातली शक्ती कमी झाली, तर ती बहुधा रोगाचीच प्रतिक्रिया असते. तिच्यासाठी तातडीने वेगळे औषध मिळते, आणि मूळ गोळ्या मात्र सोडावयाच्या नसतात.

एका उपद्रवात थांबणे हा धर्म आणि दुसऱ्यात न थांबणे हा धर्म, आणि दोन्हींचे दर्शनी रूप सामान्य माणसाला सारखेच भासणारे. इथे रोग्याच्या श्रद्धेने किंवा धैर्याने निर्णय होत नाही, आणि देणाऱ्याच्या कनवाळूपणानेही होत नाही. गीतेने सात्त्विक दानाला देश, काळ आणि पात्र यांची अट घातली; पात्र म्हणताच आपण घेणाऱ्याच्या शीलाची चौकशी करू लागलो, ही आपली जुनी रीत. अंबादेवीच्या देवळाबाहेर, किंवा अकोल्याला राजराजेश्वराच्या वाटेवर, फडके गुंडाळलेल्या हातांवर वरून नाणे टाकणाऱ्याला त्या हातांविषयी काहीच ठाऊक असावे लागत नाही, आणि त्याचे पुण्य तरीही जमा होते अशी त्याची खात्री असते. औषध देणाऱ्याला ही सोय नाही. घेणाऱ्याचे रक्त कसे आहे, पूर्वी त्याला काय सोसले नाही, त्याच्या घरी मुलांच्या हाती पाकीट लागेल काय, हे जाणून घेतल्याशिवाय दिलेली गोळी पुण्याच्या नावाखाली केलेली हिंसा ठरू शकते. आणि ही हिंसा हेतूच्या शुद्धतेने धुतली जाते, असे मानणे मला तरी जड जाते. हीच गोळी कातडीच्या इतर काही विकारांतही, अंगावर खाजरे फोड आणणाऱ्या एका दुर्मीळ व्याधीत तर विशेषेकरून, त्वचारोगतज्ज्ञ देतात, रक्ताची तपासणी अधूनमधून करून. आणि शेजाऱ्याला गुण आला म्हणून तीच चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जाणारे महाभाग, ज्यांना गजकर्ण झालेले असते, आमच्या शहरांत दुर्मीळ नाहीत.

कायद्याने आपला वाटा उशिरा का होईना उचलला. १८९८ चा महारोग्यांचा कायदा २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ साली वैयक्तिक कायद्यांतून वगळले गेले. आता नवा पेच निराळ्याच बाजूने आला आहे. २०१८ पासून रुग्णाच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि नित्य सहवासातल्या माणसांना प्रतिबंध म्हणून रिफॅम्पिसिनची एक मात्रा देण्याची योजना सरकारने घेतली आहे. ज्याला रोग नाही त्याने दुसऱ्याच्या रोगासाठी गोळी घ्यावयाची, हा अकृताभ्यागमाचा प्रकार या वेळी कल्याणाच्या अंगाने येतो. पण शेजाऱ्याच्या दारी गोळी घेऊन जावयाचे तर कुणाच्या घरी रोग निघाला हे उघड होण्याचा धोका असतो, म्हणून आधी रुग्णाची संमती घेतली जाते. लग्नाची मुलगी घरात असलेला बाप ती नाकारतो. त्याच्या नकारामुळे शेजारच्या मुलाला उद्या चट्टा उठला तर ते कर्म त्या बापाचे, की ज्या भीतीने त्याला नकार द्यावयास लावले ती भीती पिढ्यान्‌पिढ्या पोसणाऱ्या आम्हा सर्वांचे, याचा निवाडा त्या कर्मचाऱ्याला ओसरीवर उभ्या उभ्या करावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा काहीच न बोलता पुढच्या महिन्यात पुन्हा येतो.