उपटलेल्या झाडाचे ऋण

ज्याला आपण त्याच्या मातीतून उपटले, त्याचे आपण काय देणे लागतो? हा प्रश्न सेमिनरीच्या वर्गात शोभावा असा आहे. मला मात्र तो अमेरिकेतील लुईझियाना राज्यात, एका वृद्ध सुताराच्या परसात पडला. काही वर्षांपूर्वी तेथील एका धर्मग्रामात हंगामी सेवेसाठी काही महिने राहण्याचा योग आला होता. या गृहस्थांना बोन्सायचा नाद. फेब्रुवारीतील एका थंड सकाळी ते मला आपल्याबरोबर दलदलीच्या कडेला घेऊन गेले.

तेथील दलदलीचा राजा म्हणजे 'बाल्ड सायप्रस'. सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात हा वृक्ष सारी पाने गाळतो, म्हणून 'टकला' हे विशेषण. आपल्या समुद्रकाठच्या सुरूशी त्याचे काही नाते नाही. पाण्यात उभ्या असलेल्या त्याच्या बुंध्याचा पाया रुंद होत जातो आणि मुळांतून लाकडी 'गुडघे' वर येतात. त्या गुडघ्यांचे नेमके कार्य काय, यावर शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. १९६३ पासून हा लुईझियानाचा राज्यवृक्ष आहे. त्याचे आयुष्य विलक्षण दीर्घ. नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक नदीच्या परिसरातील एका वृक्षाचे वय, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, किमान २,६२४ वर्षे भरले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे काही दशकांतच माणसाने लाकडासाठी या वृक्षाची प्राचीन अरण्ये जवळजवळ संपवली, हीही त्याच इतिहासाची दुसरी बाजू.

आम्ही गेलो तेथे विजेच्या तारांखालची पट्टी होती. तारांना अडथळा नको म्हणून तेथील झाडोरा वरचेवर छाटला जाई. वारंवार तुटून बुंधे मात्र जाड झालेले. जमिनीच्या मालकाची परवानगी आधीच घेतलेली होती. गृहस्थ गुडघाभर पाण्यात उतरले, करवतीने भोवतालची मुळे कापली, खोड कमरेएवढ्या उंचीवर छाटले, फांद्या उतरवल्या. तासाभराने आमच्या हाती उरला तो एक ओला, चिखलाने माखलेला ओंडका.

माझ्या चेहऱ्यावरील अस्वस्थता त्यांनी ओळखली असावी. मीच बोलून गेलो, "नाहीतरी ही झाडे छाटलीच जाणार होती. तुम्ही एकाला वाचवलेत." त्यांनी मान हलवली. म्हणाले, "फादर, हे वाक्य मी स्वतःलाही पुष्कळदा ऐकवतो. त्यात खोटे काही नाही. पण त्याने माझे काम संपत नाही. जमिनीच्या मालकाने होकार दिला, झाडाने दिलेला नाही."

नीतिशास्त्रात आपण कृतीचा हेतू तपासतो, परिणाम तपासतो. कृती योग्य ठरली की हिशेब मिटला, असे समजून पुढे जातो. पण योग्य कृतीनेही जखम होते, आणि ती करणाऱ्याचे खरे कर्तव्य तेथूनच सुरू होते.

त्यांची शुश्रूषा मी पुढे अनेक आठवडे पाहिली. मुळांतील चिखल धुऊन त्यांनी ते खोड प्लॅस्टिकच्या मोठ्या टोपल्यात, पाइनच्या सालीचे तुकडे आणि जाड खडी यांच्या मिश्रणात बसवले. छाटलेल्या माथ्याला लेप लावला. खोड तारेने टोपल्याशी पक्के जखडले, कारण ते हलले की नव्याने फुटणारी कोवळी मुळे तुटतात. मुळे कधी कोरडी पडू नयेत म्हणून टोपले पाण्याच्या परातीत ठेवले. वाऱ्यापासून आडोसा केला, उशिरा पडणाऱ्या हिमापासून झाकले. त्यानंतरचे नियम सारे नकाराचे होते: खत घालायचे नाही, छाटायचे नाही, तारेने वळण द्यायचे नाही आणि मूळ धरले का हे पाहण्यासाठी उकरायचे तर मुळीच नाही.

मार्चअखेरीस त्या मुक्या खोडावर वरपासून खालपर्यंत हिरवे ठिपके उमटले. मी आनंदाने अभिनंदन केले. ते हसले नाहीत. म्हणाले, "ही पालवी खोडात साठवलेल्या अन्नावर फुटली आहे. खाली एकही नवे मूळ नसताना ती येऊ शकते. उन्हाळा तापला की तो साठा संपतो, आणि फसलेली माणसे मग विचारतात की काल तर झाड हिरवे होते!"

त्या क्षणी मला माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एक आजी आठवल्या. मुलांनी वाडीतील घर विकून त्यांना शहरातील सदनिकेत न्यायचे ठरवले. त्या एकट्या होत्या, पडल्याही होत्या. निर्णय चुकीचा नव्हता. त्यांना समजावण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी ते उत्साहाने केले. महिन्याभराने भेटलो तेव्हा आजींनी हसतमुखाने चहा दिला, खिडकीतून दिसणारे रस्ते दाखवले. "रुळल्या," असे मी मुलांना सांगितले आणि मनातील एक काम संपवले. पुन्हा गेलो नाही. पावसाळ्यात त्या बोलेनाशा झाल्या. दिवसभर बावखलाच्या दिशेने, म्हणजे त्यांच्या मते ज्या दिशेला बावखल होते तिकडे, तोंड करून बसत. पावसाळा सरता सरता त्या गेल्या. स्थलांतरामुळे गेल्या असे मी म्हणणार नाही. वय झाले होते, आजारही होता. पण पालवी पाहून मी पाठ फिरवली होती, हे मला नाकारता येत नाही.

न्यू ऑर्लिन्सचे बोन्सायकार व्हॉन बॅन्टिंग यांनी या झाडासाठी सपाट माथ्याची शैली रूढ केली. दलदलीतील जुन्या सायप्रसांचा माथा वयाने असाच पसरट होतो. म्हणजे वळण द्यायचे तेही झाडाच्या स्वभावाला विचारून, आणि तेही ते जगल्यावर. आधी जीव, मग आकार. आपण बहुधा उलट करतो. घरात आलेल्या नव्या सुनेला, वसतिगृहात धाडलेल्या मुलाला, गावातून उचललेल्या म्हाताऱ्यांना पहिल्याच महिन्यात आपल्या साच्यात बसवू पाहतो आणि "रुळलीस का? करमते ना?" असे रोज विचारतो. ते विचारणे म्हणजे मूळ उकरून पाहणेच होय. उत्तर देणारा बिचारा आपल्या समाधानासाठी हसतो.

शुभवर्तमानातील अंजिराच्या दृष्टान्तात माळी धन्याकडे आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि खणून खत घालण्याचे वचन देतो. या सुतारांनी खणणे आणि खत दोन्ही थांबवले होते. सारखी होती ती फक्त मुदत, आणि त्या मुदतीत रोज हजर राहणे.

माझा मुक्काम जूनमध्ये संपला. निरोपाच्या सकाळी परसात गेलो, तेव्हा फुटवे वीतभर लांब झाले होते आणि कडक उन्हातही ताठ होते. "आता तरी जगले म्हणायचे ना?" मी विचारले. ते परातीत पाणी ओतत होते. म्हणाले, "पुढच्या फेब्रुवारीत सांगेन, फादर. तोवर पाणी घालतो."