कोशातील क्रियापद

ज्ञानकोशातील नोंदीला साहित्यकृती म्हणण्याचा प्रघात नाही. तिच्याकडून माहितीची अपेक्षा असते, शैलीची नव्हे. आणि संपादकाने वर्षे, नावे व शुद्धलेखन तपासले की त्याचे कर्तव्य संपले, असे मानले जाते. माझीही समजूत बरीच वर्षे हीच होती. म्हैसूरला मानसगंगोत्रीच्या परिसरात राहत असताना एका मराठी कोशासाठी लिहिलेली ‘व्हेनिस’ ही नोंद माझ्याकडे संपादनासाठी आली, आणि तिने या समजुतीला तडा दिला.

मी व्हेनिस पाहिलेले नाही. नोंदीच्या लेखकानेही ते इंग्रजी ग्रंथांतूनच पाहिले असावे. तरी ते नगर आपल्याला सर्वस्वी परके नाही. आपल्या आज्यांच्या गळ्यातील पुतळ्यांच्या माळेतली पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे डुकाट हे सोन्याचे नाणे. संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तेथील निर्वाचित राज्यप्रमुख, त्यावर कोरलेला असतो; आमच्या बायकांनी त्या आकृतींत राम आणि सीता पाहिली. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या पहिल्या प्रस्तावनाखंडाला ‘हिंदुस्थान आणि जग’ असे नाव दिले, त्यामागे जगाकडे आपल्या अंगणातून पाहण्याची हीच दृष्टी होती. पुतळीचा उल्लेख नोंदीत नव्हता. मी तो घातला आणि पुढे वाचू लागलो.

पुढे तीन वाक्ये लागोपाठ होती. १२०४ च्या चौथ्या धर्मयुद्धानंतर कॉन्स्टँटिनोपलहून चार अश्वमूर्ती व्हेनिसमध्ये आल्या व संत मार्कच्या चर्चच्या दर्शनी भागावर बसविण्यात आल्या. १७९७ मध्ये व्हेनिस जिंकल्यावर नेपोलियनने त्या लुटून पॅरिसला नेल्या. १८१५ मध्ये त्या परत करण्यात आल्या. यातील एकही वर्ष चुकीचे नव्हते. पण घोडे असले तरी ते धातूचे होते. ते आपल्या पायांनी ‘आले’ नव्हते. आधीच्या अपहरणाला अकर्मक क्रियापद आणि नंतरच्याला सकर्मक, असा हा न्याय होता. ‘परत’ या अव्ययाचे तर नवलच. ते कोणाला परत झाले? कॉन्स्टँटिनोपलला नव्हे, ज्याने आधी लुटले त्यालाच. खुद्द व्हेनिसकरांना मात्र या गोष्टीची लाज नव्हती. संत मार्कचे शव ८२८ मध्ये अलेक्झांड्रियाहून पळवून आणल्याची कथा त्यांनी त्याच चर्चच्या दर्शनी भागावर कुट्टिमचित्रांत मांडली, आणि तेराव्या शतकातील त्या चित्रात हे चार घोडेही अभिमानाने दाखविले.

मी ‘आल्या’ खोडून ‘व्हेनिसकरांनी लुटून आणल्या’ असे लिहिले. सत्याची सेवा केल्याचे समाधान मला वाटले. ते समाधान फार स्वस्तात मिळाले होते, हे लवकरच कळले.

काही दिवसांनी शृंगेरीवरील एक जुनी नोंद चाळीत होतो. नोंद माझीच, तरुणपणी लिहिलेली. तिच्यात वाक्य होते : ‘१७९१ मध्ये मराठ्यांच्या स्वारीच्या काळात मठाची लूट झाली.’

या वाक्यातही वर्ष बरोबर आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मराठे इंग्रज आणि निजाम यांच्या बाजूने टिपूशी लढत होते. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने शृंगेरी लुटली. शारदेची मूर्ती हलली. टिपूने शृंगेरीच्या स्वामींना कन्नडमध्ये लिहिलेली पत्रे १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे रा. नरसिंहाचार यांच्या हाती आली. मूर्तीच्या पुनःप्रतिष्ठेसाठी त्याने दिलेल्या साहाय्याची हकीकत त्यांत आहे. हे सारे मला ठाऊक असताना मी ‘लूट झाली’ असे लिहिले होते. पाऊस झाला, रात्र झाली, तशी लूट झाली. मराठी भूतकाळात सकर्मक क्रियापद आले की कर्त्याला ‘ने’ हा प्रत्यय घेऊन पुढे यावेच लागते. ‘लूट झाली’मध्ये त्याला यावे लागत नाही. ‘काळात’ या शब्दाआड तो सहज लपतो.

ही नोंद मी एका स्नेह्यांना दाखविली. त्यांचे म्हणणे असे की कोश म्हणजे न्यायासन नव्हे. शिवाय शृंगेरीचा दोष सैन्यासोबतच्या पेंढाऱ्यांचा, सेनापतीचा नव्हे, असे मानणारे अभ्यासक आहेत. पहिला आक्षेप मला मान्य नाही. कर्ता सांगणे म्हणजे शिक्षा सुनावणे नव्हे. व्याकरणाला तेवढे न्यायासन लागत नाही. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यानेच मला अधिक अडचणीत टाकले. शृंगेरीबाबत मी लगेच विचारू लागलो : नेमके कोणी, कोणाच्या आज्ञेने? हा सूक्ष्म विवेक व्हेनिसची नोंद सुधारताना मला का सुचला नाही? चौथ्या धर्मयुद्धातील सैन्यात फ्रेंच सरदार मोठ्या संख्येने होते. वृद्ध, अंध डोज एन्रिको दांदोलो याच्याबरोबर तेही त्या लुटीत सहभागी होते. पण मी ‘व्हेनिसकरांनी’ असे एका फटक्यात लिहून मोकळा झालो होतो. आपल्यांच्या बाबतीत मी पुराव्याची काटेकोर छाननी मागत होतो आणि दूरच्यांच्या बाबतीत ठोक निर्णय देत होतो. संशयाचा लाभ मी फक्त घरच्यांसाठी राखून ठेवला होता.

येथे एक सोपी पळवाट आहे, ती म्हणजे दोन्हीकडे ‘लूट झाली’ असे लिहून समभाव साधल्याचे मानणे. अनेक कोशांतून ती वापरलेली दिसते. तिने अन्याय समसमान वाटला जातो, एवढेच.

अखेरीस शृंगेरीच्या नोंदीत मी लिहिले, की परशुरामभाऊ पटवर्धनांच्या सैन्याने शृंगेरीचा मठ लुटला; काही अभ्यासक याचा दोष त्या सैन्यासोबतच्या पेंढाऱ्यांकडे देतात. व्हेनिसच्या नोंदीत लिहिले, की फ्रेंच व व्हेनिसच्या धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले आणि त्या लुटीतील चार अश्वमूर्ती व्हेनिसकरांनी आपल्या नगरात नेल्या. दोन्ही वाक्ये आधीपेक्षा लांब आणि कमी सुरेल झाली. शब्दमर्यादा पाळण्यासाठी गोंडोला नावांवरच्या दोन ओळी वगळाव्या लागल्या. वाचकांना त्या अधिक आवडल्या असत्या. ‘परत’ या शब्दाला मात्र पर्याय सापडला नाही. १८१५ मध्ये मूर्ती पॅरिसहून व्हेनिसला पाठविण्यात आल्या, इतकेच लिहून मी कागद टपालात टाकले.