राखणदाराचा धर्म

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं विकिपीडिया हा ज्ञानकोश केव्हांना केव्हां उघडून पाहिला असेल. मुलाच्या शाळेंतील निबंधासाठीं, एखाद्या औषधाची माहिती कळावी म्हणून, किंवा जेवतां जेवतां निघालेला वाद मिटविण्यासाठीं त्याचा आश्रय न करणारें सुशिक्षित कुटुंब आज विरळा. तो १५ जानेवारी २००१ रोजीं सुरू झाला, त्यांत कोणासहि लिहितां येतें, आणि लिहिणारास त्याबद्दल कवडीहि मिळत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु ज्या घराचें दार रात्रंदिवस सताड उघडें, त्या घरांतील भांडीं जागच्या जागीं राहतात कशीं, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आम्हांस तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. आणि त्याचें उत्तर यंत्रविद्येपेक्षां नीतिशास्त्राच्या प्रांतांत अधिक पडतें, असें आमचें मत आहे.

कोणासहि लिहितां येतें म्हणजेच कोणासहि बिघडवितां येतें. एखादें शाळकरी पोर अशोकाच्या चरित्रांत आपल्या वर्गमित्राचें नांव घुसवितें. कोणी सबंध पान कोरें करून ठेवतो. कोणी शिवी लिहून पळ काढतो. आणि कोणी, हा सर्वांत दुष्ट, एखाद्या गृहस्थाचें जन्मवर्ष दोहोंनीं पुढें सरकवितो व तें कोणाच्या लक्षांत येतें का हें पाहत बसतो. इ. स. ४५५ मध्यें रोम लुटणाऱ्या व्हँडल टोळ्यांच्या नांवावरून इंग्रजींत या प्रकारास शब्द पडला आहे. मराठींत उत्पात हा शब्द त्यास चांगला शोभतो. कारण त्यांत द्वेषापेक्षां माकडचेष्टेचा भाग अधिक सूचित होतो, आणि वस्तुस्थितीहि बहुधा तशीच असते.

अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांत जॉन स्मिथ नांवाच्या इंग्रज अंमलदारानें १८१९ सालच्या एप्रिल महिन्यांत आपलें नांव व तारीख कोरून ठेवली. ज्या मनुष्यामुळें त्या लेण्यांचा जगास पुन्हां परिचय झाला, त्यानेंच हा प्रकार करावा, याचें कोणास हसूं येईल, कोणास चीड येईल. दोनशें वर्षें लोटलीं तरी तो ओरखडा आहे तेथेंच आहे. चित्र पूर्ववत् करण्याचा उपाय कोणापाशींहि नाहीं. विकिपीडियाची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. तेथें प्रत्येक लेखाच्या पाठीमागें त्याचा इतिहास ठेवलेला असतो. कोणत्या घटकेस कोणीं काय घातलें व काय काढलें, याची नोंद, क्वचित् प्रसंग सोडले तर, त्यांत अखंड राहते. आणि जुनी प्रत पुन्हां वर आणावयास एक कळ दाबली कीं पुरे. मोडणारास निदान चार अक्षरें लिहिण्याचे श्रम पडतात, सांधणारास तेवढेहि पडत नाहींत. जगांतील बहुतेक व्यवहारांत हें प्रमाण उलटें असतें. भिंत बांधावयास महिना लागतो, पाडावयास एक दिवस. म्हणून भिंतीच्या रखवालदारास संशयी असावें लागतें. जेथें झालेली हानि सहज भरून काढतां येते, तेथें मात्र राखणदारास उदार होणें परवडतें. त्या ज्ञानकोशाची सारी नीति या एका सोयीवर उभी आहे.

हे राखणदार कोण? कोणी विद्यार्थी, कोणी कारकून, कोणी सेवानिवृत्त गृहस्थ. 'अलीकडील बदल' या नांवाची, क्षणोक्षणीं वाढत जाणारी यादी समोर ठेवून ते बसतात व एकेक बदल डोळ्यांखालून घालतात. त्यांच्यांतूनच, आपसांत चर्चा होऊन, कांहींजण प्रचालक नेमले जातात. पानास कुलूप घालणें, लेख काढून टाकणें, उत्पाती सदस्यास लिहिण्याची बंदी करणें, हे अधिकार प्रचालकांचे. इंग्रजी विकिपीडियांत ६० लाखांहून अधिक लेख आहेत, आणि प्रचालकांची संख्या एक हजाराच्याहि आंत आहे. वेतन नाहीं, गणवेष नाहीं, कृतज्ञता तर नाहींच. शिव्या मात्र रोखीनें मिळतात. एवढ्या अल्प बळावर जें राज्य चालतें, तें धाकावर चालत नसणार हें उघड आहे.

त्यांनीं आपल्यासाठीं जे नियम केले आहेत त्यांतील एकाकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधूं इच्छितों. अनोळखी लेखकाच्या ठायीं सद्भाव गृहीत धरावा, असा तो नियम आहे. यावर विचारी मनुष्य लगेच आक्षेप घेईल. विश्वास ही कांहीं हुकुमानें उत्पन्न होणारी वस्तु नव्हे. मला जें खरें वाटत नाहीं तें खरें मान, असें मला कोण सांगणार? आक्षेप बरोबर आहे, परंतु तो येथें लागू पडत नाहीं. नियम मनांत काय वाटावें हें सांगत नाहीं. पुरावा आणण्याचें ओझें कोणावर, एवढेंच सांगतो. आमच्याकडे ज्ञानाच्या प्रामाण्याविषयीं मीमांसक व नैयायिक यांचा जो प्रसिद्ध वाद आहे, त्याची येथें आठवण होते. ज्ञान हें मूळचेंच प्रमाण. तें अप्रमाण ठरवावयाचें असेल तर बाधक कारण दाखवा, असें मीमांसक म्हणतो. प्रामाण्यहि बाहेरूनच सिद्ध व्हावें लागतें, असें नैयायिकाचें म्हणणें. आतां गंमत अशी कीं, हा ज्ञानकोश दोन्ही पक्ष एकदम स्वीकारतो. लिहिणाऱ्या माणसापुरता तो मीमांसक आहे: वाईट दिसेपर्यंत हा भलाच. लिहिलेल्या वाक्यापुरता तो नैयायिक आहे: आधार दाखवा, नाहीं तर वाक्य काढून टाकूं. माणसावर विसंबावें आणि त्याच्या वाक्यावर विसंबूं नये, यांत विसंगति नाहीं. उलट, व्यवहारांत आपण नेमकें याच्या विरुद्ध वागतों. वक्ता मोठा असला कीं त्याचें वाक्य तपासीत नाहीं. आणि वाक्य चुकीचें निघालें कीं वक्त्यास लबाड म्हणून मोकळे होतों.

या दोहोंची गल्लत झाली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. जॉन सीगेंथॉलर हे तेथील नामांकित पत्रकार. तारुण्यांत ते रॉबर्ट केनेडी यांचे सहायक होते, आणि केनेडींच्या शवपेटीस खांदा देणारांपैकीं एक होते. मे २००५ मध्यें कोणा निनावी इसमानें विकिपीडियांतील त्यांच्या चरित्रांत असें लिहून ठेवलें कीं, दोघां केनेडी बंधूंच्या खुनांत या गृहस्थांचा हात असल्याचा संशय एके काळीं होता. सुमारें चार महिने तें तसेंच राहिलें. त्यांत शिवी नव्हती, वाक्य शांत व सभ्य होतें. म्हणून यादी चाळणारानें तें काढून टाकलें नाहीं. नोव्हेंबरांत सीगेंथॉलर यांनीं वर्तमानपत्रांत लेख लिहून या प्रकारास वाचा फोडली. लिहिणारानें पुढें कबूल केलें कीं, आपण तें थट्टेनें लिहिलें होतें.

डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशांत चूक आढळली तर जाब कोणास विचारावयाचा हें लोकांस ठाऊक असे. येथें त्या वयोवृद्ध गृहस्थांस जाब विचारावयास माणूसच सांपडेना. वर आम्ही म्हटलें कीं झालेली हानि येथें सहज भरून निघते. तें पानापुरतें खरें आहे, ज्याची अब्रू गेली त्याच्यापुरतें नाहीं. चार महिन्यांत तें पान ज्यांनीं वाचलें त्यांच्या मनांतून तें वाक्य कोणती कळ दाबून काढावयाचें? विकिपीडियाच्या चालकांसहि हें पटलें असावें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत इंग्रजी कोशांत निनावी लोकांस नवा लेख सुरू करण्याची मनाई झाली, आणि पुढें हयात व्यक्तींविषयीं निराळा कडक नियम झाला: निराधार व बदनामीकारक मजकूर दिसतांच काढावा, चर्चेची वाट पाहूं नये. उदारपणाची किंमत जोंवर आपण स्वतः देत असतों तोंवर तो उदारपणा. तिसऱ्याच्या अब्रूनें ती चुकती करूं लागलों कीं त्यास दुसरें नांव द्यावें लागतें.

माणसांचे डोळे अपुरे पडतात म्हणून यंत्र आलें. इंग्रजी कोशांत २०१० पासून क्लूबॉट एनजी नांवाचें एक स्वयंचलित यंत्र पहारा करतें. मनुष्यांनीं आधीं बरेवाईट म्हणून निवडून दिलेल्या हजारों बदलांवरून तें शिकलें आहे. नवा बदल आला कीं तें त्यास गुण देतें, आणि उत्पाताचा संशय ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं क्षणार्धांत तो उलटवितें. ही मर्यादा कोठें असावी हें यंत्रास कळत नाहीं; तें माणसासच सांगावें लागतें. किती निरपराध बदल चुकून पुसले गेले तरी चालतील, हा आंकडा आधीं ठरवावयाचा. मग त्या मानानें किती उत्पात हातीं लागतील तें ठरतें. आंकडा सैल केला तर चोर अधिक सांपडतील, पण साधूहि अधिक सांपडतील. दहा अपराधी सुटले तरी चालतील, एक निरपराध शिक्षेस पात्र होऊं नये, असें ब्लॅकस्टननें अठराव्या शतकांत म्हटलें, आणि वकील तें आजपर्यंत म्हणत आले आहेत. परंतु कोणत्याहि न्यायाधीशानें, शंभरांत इतके निरपराध मी चालवून घेईन, असा आंकडा भिंतीवर टांगलेला नाहीं. या स्वयंसेवकांस तो टांगावा लागला, व त्यांनीं तो राजरोस टांगला, याबद्दल आम्हांस त्यांचा आदर वाटतो.

परंतु यंत्रापेक्षां यंत्राच्या संगतीनें बदललेला माणूस हा अधिक चिंतेचा विषय आहे. राखणदाराच्या सोयीसाठीं अशीं साधनें निघालीं कीं ज्यांत संशयित बदल एकामागून एक डोळ्यांसमोर येतात आणि एकाच कळीसरशीं बदलहि उलटतो व लिहिणारास ठराविक शब्दांची ताकीदहि जाते. तासाभरांत असे शेंकडों निवाडे करणाऱ्या मनुष्याची दृष्टि काय होत असेल याची कल्पना करावी. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंस ती सहज करतां येईल. पन्नासाव्या पेपरास परीक्षकाला विद्यार्थी दिसेनासा होतो, चूक तेवढी दिसते. इंग्रजी विकिपीडियांतील कार्यरत लेखकांची संख्या २००७ पर्यंत वाढत गेली व मग उतरूं लागली. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत याचें एक मोठें कारण असें दाखविलें आहे कीं, सद्भावानें आलेल्या नवख्यांचें पहिलेंच लिखाण पुसलें जाऊं लागलें, आणि ते पुन्हां फिरकले नाहींत. उत्पात्याचें काय, तो दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या नांवानें येतो. त्यास हाकलून दिल्याचें दुःख नसतें. लाजून परत जातो तो भलाच मनुष्य. आणि गेलेल्याची नोंद कोणत्याहि इतिहासांत होत नसल्यामुळें राखणदारास आपलें नुकसान झालें हेंहि कळत नाहीं.

खऱ्या उत्पात्याशीं कसें वागावें, यासंबंधींची त्यांची वहिवाट मात्र आम्हांस फार मार्मिक वाटते. पुसावें, बंदी करावी, आणि त्याविषयीं एक अक्षर बोलूं नये. एफिसस येथील आर्टेमिसचें प्रख्यात मंदिर इ. स. पूर्वी ३५६ मध्यें हीरोस्ट्रेटस नांवाच्या मनुष्यानें केवळ कीर्तीच्या लोभानें जाळलें, आणि त्याचें नांव कोणी उच्चारूं नये असा निर्बंध नगरवासीयांनीं केला, असें सांगतात. थिओपॉम्पस इतिहासकारानें तें तरीहि लिहून ठेवलें, आणि आज आम्हीहि लिहीत आहों. तेव्हां निर्बंध फसला हें खरें. परंतु त्यामागील विचार खोटा नव्हता. रागावलेला राखणदार हेंच उत्पात्याचें बक्षीस असतें.

आणि राखणदारच बिघडला तर? क्रोएशियन भाषेच्या विकिपीडियांत हें प्रत्यक्ष घडलें. प्रचालकांच्या एका छोट्या गटानें तो कोश कित्येक वर्षें आपल्या मुठींत ठेवला. दुसऱ्या महायुद्धांतील उस्ताशा राजवटीच्या अत्याचारांस त्यांत सौम्य रूप दिलें गेलें, आणि दुरुस्ती करूं पाहणारांस बंदी होऊं लागली. २०१३ सालीं त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यांसच विद्यार्थ्यांनीं तो कोश वापरूं नये असें सांगावें लागलें. विकिमीडिया संस्थेच्या २०२१ च्या अहवालानें हे आरोप खरे ठरविले. हें सारें प्रचालकांच्या नेहमींच्याच साधनांनीं झालें, ही यांतील भयंकर गोष्ट. पुसणें, कुलूप घालणें, बंदी करणें, हींच तीं साधनें. फक्त उत्पाती कोण, हें ठरविणारांनीं आपल्याशीं न पटणारा तो उत्पाती, अशी व्याख्या केली. कोरें केलेलें पान दहा क्षणांत दिसून येतें. आंतून पोखरलेला कोश दिसून यावयास वर्षें लागलीं. मोठ्या भाषेंत निदान दुसरा कोणी तरी पाहत असतो. लहान भाषेंत चार माणसें एका मताचीं झालीं कीं झालें.

मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला. त्याचे प्रचालक मूठभर. सार्वजनिक चर्चेच्या पानास त्यांनीं चावडी म्हटलें आहे, आणि नवख्यानें वाटेल तें लिहून पाहावें म्हणून राखलेल्या पानास धूळपाटी. हें दुसरें नांव आम्हांस फारच आवडलें. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेंत मुलानें धुळींत अक्षर गिरवावें, चुकलें तर हातानें पुसावें, पुन्हां गिरवावें. पुसलें गेलें म्हणून कोणी रडत नसे, कारण पुसणें हा शिकण्याचाच भाग होता. आतां एखाद्या तालुक्याच्या गांवचा तरुण आपल्या गांवच्या देवळाविषयीं, आजोबांकडून ऐकलेलें तेवढें, कोणताहि आधार न देतां लिहितो. वाक्यास आधार नाहीं, म्हणून तें ठेवतां येत नाहीं. आणि लिहिणारा तर असा कीं त्यास गमावणें मराठीस परवडत नाहीं. मजकूर उलटवावयास एक कळ पुरे. त्या तरुणास, तुझा मजकूर कां काढला, गॅझेटिअर कोठें पाहावें, शिलालेखाचा आधार कसा द्यावा, हें समजावून चार ओळींचें पत्र लिहावयाचें तर अर्धा तास जातो, आणि तो दिवसभराची नोकरी करून उरलेल्या वेळांतून काढावा लागतो. चावडीवरचीं व सदस्यांच्या चर्चापानांवरचीं जुनीं संभाषणें आम्हीं चाळून पाहिलीं. अशीं पत्रें तेथें आहेत. रात्रीं एक वाजतां लिहिलेलीं आहेत, एकाच प्रश्नाचें उत्तर निरनिराळ्या नवख्यांस पुन्हां पुन्हां दिलेलें आहे. लिहिणारांचीं खरीं नांवें बहुधा कळत नाहींत. टोपणनांव आणि वेळ, एवढेंच खालीं दिसतें.