बाळ कोण बघणार?

दसरा झाला की आमच्या गावात ट्रक लागतात आणि माझ्या वर्गातल्या बसकरपट्ट्या मोकळ्या होऊ लागतात. धारूर तालुक्यातलं डोंगरातलं गाव. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, आणि मग साखरपट्ट्यात नाहीतर कर्नाटकात सहा महिने ऊसतोडीला. पोरं बरोबर जातात.

काल चौथीतल्या एका मुलीच्या घरी गेलो. तिची आई बोचकी बांधत होती, काखेत भाऊ घेऊन मुलगी उभी. पुस्तक कुठंय म्हणून विचारलं, तर तिनं पिठाचा डबा उघडून दाखवला. युरियाच्या पिशवीत गुंडाळून आत ठेवलेलं. "कोपीत भिजतंय, गुरुजी." मी आईला म्हणालो, हिला आजीपाशी ठेवा, हंगामी वसतिगृहात जेवायची सोय आहे. ती म्हणाली, "मग बाळ कोण बघणार?"

संध्याकाळी भाकरी थापता थापता बायकोनं विचारलं, "मग? काय ठरलं तिचं?"

"विचार करते म्हणाली."

"म्हणजे नाही म्हणाली."

मी चिडलो. "अगं, २००९ चा कायदा आहे. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक लेकराचा हक्क आहे तो."

"हक्क तिचा, मग तिला विचारलंत का?"

"दहा वर्षांची पोर काय सांगणार?"

"मी सांगितलं असतं. मी दोन हंगाम आजीपाशी राहिले. शाळा एक दिवस बुडाली नाही. आई परत आली, तेव्हा तिच्या कुशीत झोपायला गेले नाही मी. तिच्या अंगाला पाचटाचा वास येत होता. मला ती परकी वाटली."

हे तिनं आजवर सांगितलं नव्हतं. मी तरी रेटून बोललो, "पण म्हणूनच तू शिकलीस."

"कुठं नाही म्हणते? शिकलेलं तुम्हाला मोजता येतं. ते दुसरं कुठल्या रकान्यात लिहाल?"

"मग तिकडच्या शाळेत जाईल म्हणतेस? शिक्षण हमी पत्रक मी दरवर्षी देतो. गेल्या साली दिलेलं एप्रिलात तसंच परत आलं, घडीसुद्धा मोडली नव्हती. आई पहाटे फडात गेली की बाळ हिच्याकडं. शाळेत जाणार कधी? आल्यावर वजाबाकीतला हातचा विसरली होती. मोळ्या मात्र तोंडी मोजायची."

"मी कुठं म्हटलं, जाऊ द्या?"

"मग म्हणतेस तरी काय?"

ती तव्यावरच्या भाकरीकडं बघत राहिली. याच ठिकाणी आमचं बोलणं दरवर्षी अडतं. मला वाटतं, शाळा सुटली की लेकरू सुटलं. त्याच्याही हातात पुढं कोयताच येतो. हे मला आजही खरं वाटतं. पण बाळ कोण बघणार, याला माझ्याकडं उत्तर नाही. कायद्याकडंही नाही. उचल घेतलेल्या बाईनं घरी राहावं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण ती उचल फेडणारा मी नाही.

मग मी आमच्या लेकीचं काढलं. "हिला गढीच्या नवोदयला बसवायचं ठरवलंय ना आपण? तीही आईपासून लांबच राहणार."

"आपण पाठवणार ते आपल्या मनानं. करमेना झालं तर दुसऱ्या दिवशी जाऊन घेऊन येऊ. त्या बाईला फडावरून येता येईल का?"

आमची लेक आत उताणी झोपली होती, उशाशी कंपास उघडा. मी तो बंद केला.

बराच वेळ गेल्यावर बायको म्हणाली, "मला आज कुणी विचारलं, तर मी आजीपाशीच राहीन म्हणेन. पण मला ठेवून घ्यायला लावणाऱ्या गुरुजींवर माझा राग आहे, अजून. दोन्ही खरं आहे."

मी काहीच बोललो नाही. तिनं परातीतलं उरलेलं पीठ गोळा केलं.

"ते बाळ अंगावर पितं का अजून?"

"विचारलं नाही."

"पीत नसलं तर आजी दोघांनाही बघेल कदाचित. सकाळी ट्रक निघायच्या आत तेवढं विचारून या."