अविकृत आणि सत्य

जे लिहिले गेले त्यात मागाहून काही बदललेले नाही, एवढे सिद्ध झाले म्हणजे ते खरे ठरते काय? प्रश्न जुनाच आहे. आपल्या काळाने त्याला नवी धार आणली आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार संगणकातील नोंद न्यायालयापुढे ठेवताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात त्या नोंदीचा ‘हॅश’ द्यावा लागतो. नांदेड-लातूरकडील पक्षकारालाही आता या शब्दाची ओळख करून घेणे भाग आहे.

हॅश म्हणजे मजकुराचा गणिती ठसा. एक ओळ असो वा गावाचे सारे दप्तर असो, ठरलेल्या क्रियेतून काढले की ठरावीक लांबीचा ठसा उमटतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ चिन्हांत लिहितात. मजकुरातला एक अनुस्वार हलला तरी ठसा पार पालटतो. ब्लॉकचेन ही अशा ठशांनी बांधलेली वही होय. प्रत्येक पानावर मागल्या पानाचा ठसा असतो आणि वहीच्या प्रती अनेकांपाशी असतात. मागची एक ओळ गुपचूप खोडायची तर पुढची सारी पाने नव्याने लिहावी लागतील, आणि तीही अनेकांच्या डोळ्यांदेखत!

यंत्र नवे असले तरी त्यामागची बुद्धी नवी नव्हे. वेदपाठकांनी पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनी शब्द उलटसुलट म्हणून ते राखले. नांदेडला गोदाकाठी १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथालाच गुरुपद दिले, अशी शीखांची श्रद्धा आहे. त्या ग्रंथात पदांना अनुक्रमांक आहेत, त्यांच्या बेरजा मांडलेल्या आहेत, आणि आजच्या प्रमाणित छापील प्रतीची पाने सर्वत्र १४३० आहेत. एखादे पद घुसडले वा गाळले, तर बेरीज चुगली करील. परंतु त्या अक्षरांपुढे माणसे नतमस्तक होतात ती बेरीज जुळते म्हणून नव्हे. बेरीज अक्षर राखते; अक्षराला मोल येते ते त्यातील आशयामुळे.

आता लातूरकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा परिसर भूकंपाने जमीनदोस्त झाला. पुढे जी गावे नव्याने वसवली, तेथे घराचा आकार जमिनीच्या धारणेवरून ठरला: भूमिहीनांना व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरांना ४००, त्यापुढे ७५०. म्हणजे छप्पर केवढे, हे कागदाने सांगितले. कल्पना करा की त्या वेळी प्रत्येक सातबाऱ्याला असा अभेद्य ठसा असता. ठसा निष्ठेने सांगता, की या उताऱ्यात कोणी हात घातलेला नाही. पण जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेल्या मजुराचे, किंवा नवऱ्याच्या नावाआड राहिलेल्या बाईचे नाव त्यात मुळातच नसेल, तर त्याविषयी ठसा काय बोलणार? खाडाखोड झाली तर ठसा साक्ष देतो. जे लिहिलेच नाही त्याची साक्ष तो देत नाही.

म्हणून ठसा कुचकामी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कागदात ढवळाढवळ करण्याची ताकद नेहमी बलवंतांच्या हाती असते; दुबळ्याला न बदलणारा कागद हाच मोठा आधार. मात्र मूळ नोंदच चुकीची असेल, तर तिच्या अभेद्यपणाने अन्यायालाही कुलूप लागते. यावर आपल्या महसुली व्यवहाराजवळ एक शहाणपण आहे. फेरफाराच्या नोंदवहीत जुने पुसत नाहीत. नवी नोंद घालतात, संबंधितांना नोटीस देतात, हरकत ऐकतात आणि मग ती प्रमाणित करतात. दुरुस्ती होते, पण चोरून होत नाही. ब्लॉकचेनच्या वहीतही दुरुस्तीचा प्रामाणिक मार्ग हाच आहे.

अविकृतता हा राखणदाराचा धर्म. सत्य हा पहिल्यांदा लेखणी धरणाऱ्याचा. यंत्राने पहिला भार बराचसा उचलला आहे. त्यामुळे दुसरा हलका झाला, असे मात्र कोणी समजू नये. जे लिहू ते पुसता येणार नाही, हे ठाऊक असणाऱ्याने लिहिण्यापूर्वी शेताच्या बांधापर्यंत चालत जावे, आणि तेथे कोण राबते आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहावे.